काकांचे कान
भिजवलेल्या वालांचा उग्र वास आला की अंजूर गावातली ती दुपार आठवते. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. काकी आणि मी टीव्हीसमोर वाल सोलत बसलो होतो आणि तोफांच्या इतिहासाचा कार्यक्रम लागला होता. काका तोफखान्यात होते, त्यामुळे असं काही लागलं की काकी चॅनल बदलू देत नसे. निवेदक म्हणाला, वर्षानुवर्षं तोफेजवळ उभं राहून कित्येक जवानांचे कान जायचे. काकीचा हात थांबला. "म्हंजे यांना ऐकू येत न्हवतं? आन मी बोलायची, मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करतात. शेवटी तर मी बोलायचंच सोडलेलं गं." मी पडद्याकडेच बघत राहिले. काकांनी मला सांगितलं होतं. काकी कुठेतरी बोलून जाईल आणि वळ गावच्या गोदामातली निवृत्तीनंतरची वॉचमनची नोकरी सुटेल, म्हणून तिला सांगू नकोस, अशी शपथही घातली होती. "तुला म्हाईत व्हतं का?" काकीने विचारलं. मी "नाही" म्हणाले. काकी आता फार थकली आहे. दर वेळी खरं सांगायचं ठरवून तिच्याकडे जाते आणि तशीच परत येते.