गल्लीची वेबसाइट आणि चेंबरचं झाकण

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एखादं फुकटचं काम अंगावर घ्यावं, चार भले लोक सोबत घ्यावेत, की झालं! ओटल्यावर धूळ साचते तसे किस्से साचत जातात. आमचं इंदूर सफाईत देशात नंबर वन, इथे घरापुढचे ओटले रोज झाडले जातात, पण ही धूळ काही केल्या जात नाही.

उभी हयात मी एका हिंदी दैनिकात रिपोर्टर होतो. पुढाऱ्यांशी भांडलो, साहेबलोकांशी भांडलो, माझ्याच संपादकाशी बोलणं बंद करून त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसलो. पण या सगळ्यांनी मिळून दिला नाही एवढा ताप मला मल्हारगंजातल्या आमच्या एका गल्लीच्या वेबसाइटने दिला.

* * *

सुरुवात झाली ती झाकणापासून. आमच्या गल्लीच्या मधोमध ड्रेनेजचं चेंबर आहे. एका सकाळी बघतो तर त्याचं लोखंडी झाकण गायब! खाली काळोख आणि वास. कोणीतरी त्यात लिंबाची फांदी खोचून ठेवली होती, म्हणजे धोका आहे हे कळावं.

गल्लीत कानडेबाई राहतात. मराठी शाळेच्या रिटायर्ड शिक्षिका, मला पाचवीला होत्या. रोज संध्याकाळी त्या दत्ताच्या देवळात जातात आणि त्यांचा रस्ता त्या चेंबरला खेटूनच जातो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं त्या टाळतायत. हातात काठी, पण चाल अजूनही शाळेची घंटा झाल्यासारखी झपझप. मला ती फांदी दिसली आणि डोळ्यांपुढे बाईच आल्या.

मी माझ्या जुन्या पेपरात फोन केला. नवा संपादक अदबीने म्हणाला, "सर, स्टोरी निगेटिव है. शहर नंबर वन है, सफाई का सर्वे सिर पर है. कुछ पॉज़िटिव दीजिए ना!"

मी म्हणालो, "अरे, एक वयस्कर बाई आहेत, रोज तिथून जातात. पडतील त्या!"

तो म्हणाला, "गिर जाएँ तो बताइएगा, सर."

त्याच दिवशी ठरवलं. आपलीच वेबसाइट काढायची!

* * *

वेबसाइट बनवली मंजिरीने. ही समोरच्या घरातली सून, पुण्याची. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते. पहिली मीटिंग माझ्या ओटल्यावर झाली. मंजिरीने लॅपटॉप उघडून विचारलं, "काका, आपला ऑडियन्स कोण?"

कोपऱ्यावर नमकीनचं दुकान असलेले गोयलजी म्हणाले, "बेटा, पहले ये बताओ, पोहे कौन ला रहा है?"

पोहे आले, जलेबी आली, सेव कमी आहे यावर चर्चा झाली. वेबसाइटबद्दल एकच ठराव होऊ शकला: बाईंनी तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही. मी उसळलो. "आयुष्यभर बातम्या लिहिल्या मी! मला कोण तपासणार?"

बाई म्हणाल्या, "पाचवीत मीच तपासत होते. फार काही सुधारलेलं दिसत नाही."

बाईंना स्क्रीन बघवत नाही, म्हणून मंजिरी प्रिंट काढून देई आणि बाई लाल पेनने खाली 'पास' किंवा 'नापास' लिहीत. माझी पहिली बातमी अर्थातच झाकणाची होती. 'निर्लज्ज', 'मुर्दाड', 'कुंभकर्णी' असे सगळे दागिने तिला घातले होते. बाईंनी एकेक उतरवला.

"अरविंद, खड्डा आहे, झाकण नाही. एवढं खरं आहे. बाकीचा तुझा राग आहे. खरं तेवढं ठेव."

उरल्या तीन ओळी. पास!

* * *

बातमी फोटोसह साइटवर चढली. मी मोबाइल हातात धरून बसलो. पेपरात असताना अशा बातमीवर दुपारपर्यंत फोन खणखणायचे. इथे पहिला प्रतिसाद आला, 'सुप्रभात.' दुसरा आला, 'आपको भी सुप्रभात.' मग बराच वेळ सगळी गल्ली एकमेकांना सुप्रभात घालत राहिली. समोरासमोर राहणारी माणसं! खिडकी उघडली असती तरी भागलं असतं.

संध्याकाळी शेवटी एकाने बातमीची दखल घेतली. त्याने लिहिलं होतं, 'फोटो में पीछे जो स्कूटर दिख रहा है, बेचना है क्या?'

* * *

मंजिरी म्हणाली, "काका, ऑनलाइन तक्रार करू. ट्रॅक होते." केली. कोणत्या ऑफिसात ते सांगत नाही, कारण नाव घेतलं की ते ऑफिस म्हणतं, हे आमच्याकडे येत नाही.

चक्क उत्तर आलं! 'आपकी शिकायत का समाधान किया गया.' सोबत फोटो. नवं कोरं, घट्ट बसलेलं झाकण! मी चपला न घालताच गल्लीत धावलो. खड्डा तसाच. फांदी मात्र वाळली होती. फोटो नीट पाहिला तर मागे निळं शटर. आमच्या गल्लीत निळं शटर नाहीच!

मी फोन लावला. "भाईसाहब, ये ढक्कन हमारी गली का नहीं है!"

पलीकडचा माणूस शांत होता. "सर, फोटो में ढक्कन दिख रहा है?"

"दिसतंय! पण दुसऱ्या गल्लीतलं!" रागात माझी मराठी बाहेर पडते.

"ढक्कन तो है ना, सर," तो म्हणाला. "आप हर बात में कमी निकालते हो."

* * *

मग बंटी भिया जागे झाले. बंटी भिया आमच्या वॉर्डातले होतकरू नेते; इंदूरकडे भैयाचा भिया होतो. होतकरू म्हणजे मी रिपोर्टर होतो तेव्हापासून होतकरू. त्यांनी साइट वाचली आणि पोरं घेऊन आले. चेंबरभोवती चार बांबू ठोकले आणि त्यांवर बॅनर ताणला. बॅनरवर हात जोडलेले बंटी भिया, मागच्या सणाच्या आणि पुढच्या सणाच्या शुभेच्छा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'सावधान'.

मी ओरडलो, "अरे भिया, बैनर नहीं, ढक्कन लगाओ!"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देखो भिया, ढक्कन मेरे हाथ में नहीं है. शुभकामना मेरे हाथ में है."

तीन ओळींची बातमी मी लिहिली. बाईंनी पास केली. बंटी भियांनी तिच्याखाली स्वतःच 'बहुत सुंदर' असं लिहिलं.

* * *

एवढं लिहूनही साइट कोणी वाचत नव्हतं. मग एकदा गोयलजींचे बेटमा गावचे काका वारले. तिसऱ्या दिवसाच्या शोकबैठकीला आमच्याकडे उठावना म्हणतात. गोयलजींनी त्याची सूचना साइटवर टाकायला दिली. फोटो, नाव, वेळ, जागा. आणि काय सांगू, साइटवर झुंबड उडाली! लोकांनी एकमेकांना पाठवलं, बेटम्याहून गाड्या भरून माणसं आली, कुठूनकुठून फोन आले. मग आसपासच्या गल्ल्यांतले उठावनेही आमच्याकडे यायला लागले.

मंजिरी खूश झाली. "काका, ट्रॅफिक वाढलं!"

मी विचार केला, चला, मेलेल्यांच्या निमित्ताने का होईना, माणसं शेजारची झाकणाची बातमी वाचतील. कुठलं काय! एक आठवडा कृपेने कोणी गेलं नाही, तर एका सद्गृहस्थांचा मला फोन आला. आवाजात काळजी होती.

"भिया, आज भी कोई उठावना नहीं? साइट बंद हो गई क्या?"

* * *

झाकण सापडलं ते बाईंना.

गोयलजींनी साइटवर आपल्या दुकानाची जाहिरात दिली. फोटोत कढई, गोयलजी, रतलामी सेव आणि मागे तेलाचं पिंप. प्रिंट बाईंकडे तपासायला गेली. बाईंनी भिंग लावलं आणि पिंपाखाली लाल पेनने गोल केला. पिंप आमच्या चेंबरच्या झाकणावर उभं होतं!

मी दुकानात घुसलो, मागोमाग काठी टेकत बाईही आल्या. "गोयलजी! सारी गल्ली शोधतेय आणि झाकण तुमच्याकडे? चोरलंत?"

गोयलजींच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. "कैसी बात करते हो, भिया! चोरी तो बाहर हो जाता. आजकल लोहा कोई छोड़ता है? मैंने तो गली का माल सँभालकर रखा है!"

"मग परत का नाही ठेवलंत?"

"वापस रखता तो चोरी हो जाता ना!"

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "जाहिरात नापास. झाकण आधी."

* * *

झाकण हातगाडीवरून निघालं. चार धट्टेकट्टे ते उतरवून बसवणार, एवढ्यात बंटी भिया धावत आले. "रुको, रुको! ऐसे कैसे? लोकार्पण होगा!"

"झाकणाचं?" मी विचारलं.

"भिया, गली में इतने दिन में पहला काम हो रहा है. कल बड़े भैया को बुलाता हूँ. एक दिन का तो सवाल है!"

मी भांडलो. घसा बसेपर्यंत भांडलो. आणि गल्ली कोणाच्या बाजूने उभी राहिली असेल? "अरविंदजी, इतने दिन रुके, एक दिन और सही. फोटो साइट पे भी डाल देना." चार धट्टेकट्टे झाकण चेंबरच्या शेजारी ठेवून पोहे खायला गेले. मी एकट्याने ढकलून पाहिलं. माझ्या वयात लोखंड ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तयारी. झाकणाला काळा रंग दिला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, शेजारी नारळ ठेवला. बॅनर काढला, कारण तो जुना होता. बांबूही काढले, कारण फोटोत बांबू चांगले दिसत नाहीत. वाळलेली फांदी कोणीतरी कचरागाडीत टाकली. ओला की सुका, यावर तिथेही वाद झाला म्हणे.

बड़े भैया, म्हणजे बंटी भियांचे वरचे नेते, संध्याकाळी येणार होते. आले नाहीत. लोक पांगले. मी वाट बघून नुकताच घरात पाणी प्यायला शिरलो होतो.

बाई देवळातून परतत होत्या. त्यांना झाकण दिसलं. हार दिसला, कुंकू दिसलं. बसलं एकदाचं, असं वाटून त्यांनी हात जोडले. आणि पूजा केलेल्या वस्तूला पाय लागू नये म्हणून त्या बाजूने गेल्या.

चेंबर त्या बाजूला होतं.

* * *

मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल, पण चालणं आता पहिल्यासारखं नाही. बंटी भिया फळं घेऊन आले, गोयलजी येऊन रडून गेले. लोकार्पण पुढे ढकललं. झाकण तिथेच पडून, झेंडू सुकलेला.

मी घरी गेलो आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी लिहिली. झाकण कसं गेलं, तक्रारीचं काय झालं, कोणी काय म्हटलं, बाई कशा पडल्या. एकही विशेषण नाही. मंजिरीने वाचली आणि म्हणाली, "काका, ही शहरभर जाईल. कोणाला तरी उत्तर द्यावंच लागेल." तिने लगेच टाकायला घेतली. मीच थांबवलं. नियम म्हणजे नियम. बाईंनी पास केल्याशिवाय नाही.

प्रिंट घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. बाईंच्या पायाला वजन लावलेलं. लाल पेन त्यांनी उशाशी ठेवलेलंच होतं. सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी वाचलं. कुठेही खूण केली नाही. पाचवीपासून आजवर असं झालं नव्हतं.

"सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावून दिला. एका मुलीचा गोड आवाज आला, "नमस्ते मैडम, शहर की सफाई के सर्वे से बोल रही हूँ. दो मिनट बात हो सकती है?"

मी हाताने खूण केली, बोला, बाई! सांगा त्यांना! एवढी संधी मला चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नव्हती.

बाईंनी पदर सारखा केला. उठून बसायचा प्रयत्न केला, कळ आली, पण आवाजात येऊ दिली नाही. "हाँ बेटा, पूछो."

"कचरा गाड़ी रोज़ आती है?"

"रोज़. टाइम पे."

"आप अपनी गली की सफाई से खुश हैं?"

"बहुत." बोलता बोलता त्यांनी माझा कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि उशीखाली सारला.

"और मैडम, आपकी गली में कोई खुला चेंबर, खुली नाली?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. पाचवीच्या वर्गात ठेवत तसंच.

"एक भी नहीं, बेटा," त्या म्हणाल्या. "तुम आओ ना कभी देखने. पोहे खाके जाना."