मिठाच्या बर्फातली कुपी

मालवणच्या बंदरावर सकाळी गंगारामचा आवाज ऐकू आला नाही, तर लोक एकमेकांना विचारायचे, "आज गंगाराम खंय गेलो रे?" बर्फाच्या लाद्या यंत्रात घालायच्या, त्यांचा चुरा होड्यांवर आणि टेम्पोंत भरून द्यायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. पण काम करताना तोंड बंद ठेवता येतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. लादी वाकडी निघाली की ओरड, टेम्पोवाला उशिरा आला की ओरड आणि लवकर आला तर "तुका रात्री झोप येना नाय काय?" म्हणून ओरड. साठी उलटली तरी घसा काही बसला नाही मेल्याचा.

बर्फावर मात्र त्याची श्रद्धा होती. देवळात हात जोडताना इकडेतिकडे बघणारा हा माणूस लादी उचलताना कसा गंभीर व्हायचा! नासणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. त्यातही प्रतवारी होती बरं का. बांगडा, तारली यांना साधा बर्फ. पण गोव्याच्या हॉटेलांत जाणारी खास सुरमई आली, की हा पोत्यातून जाडं मीठ काढायचा आणि मूठ मूठ चुऱ्यात मिसळायचा. मिठाने बर्फाचा गारठा आणखी कडक होतो आणि मासा आतून दगडासारखा घट्ट होतो. तो मान अव्वल मालालाच. हे कोणी शिकवलं असं विचारलं, तर छाती काढून म्हणायचा, "माझ्या बापाशीन!"

घरात सून किशोरी आणि नात संचिता. मुलगा अजय जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. संचिता तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला तो लहान मुलांना होतो तसला मधुमेह निघाला. म्हणजे शरीर इन्सुलिन बनवायचंच बंद करतं. गोळ्या चालत नाहीत, पथ्याने भागत नाही. रोज बाहेरून टोचायचं, तर पोर जगणार. किशोरी तिला डोळ्यांत तेल घालून जपायची. आणि गंगाराम? त्याचा तर जीव अडकला होता त्या पोरीत. पण माया करायची रीतसुद्धा ओरडण्याचीच. किशोरी सुई टोचायला लागली की हा दारातून गरजायचा, "हळू गो! ती काय गोण आसा शिवूक?" संचिता हसायची आणि हात पुढे करायची.

मे महिना आला आणि विजेने छळ मांडला. सकाळी गेलेली लाईट दुपारी यायची, आली की पुन्हा जायची, आणि एक दिवस त्या धक्क्यांनी फ्रीज बंद पडला तो पडलाच. किशोरी घाबरली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला शिकवून ठेवलं होतं. तिने मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवलं, दोघांच्या मधे ओली वाळू भरली आणि इन्सुलिनच्या कुप्या आत ठेवून वर ओलं फडकं झाकलं. गारवा छान धरला होता मडक्याने.

गंगारामने ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"मडक्यात औषध? ह्या काय ताक आसा? सगळ्या बंदराक बर्फ पुरवणाऱ्या माणसाची नात मी, आणि तिचा औषध वाळवेत? लोक थुकतीत माझ्या तोंडार!" रागात तो स्वतःच स्वतःची नात झाला, पण ते सांगायची सोय नव्हती.

"मामांनू, नर्सबाईन असाच सांगल्यान हा," किशोरी म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"नर्सबाईन बर्फ बघल्यान खंय? बर्फ माका ठावक आसा!"

झालं. त्याच संध्याकाळी तो बर्फाच्या कारखान्यातून थर्माकोलची पेटी घेऊन आला, काठोकाठ चुऱ्याने भरलेली. आणि त्यात मीठ. नातीचं औषध ते, त्याला काय बांगड्याचा बर्फ घालणार? कुप्या त्याने स्वतःच्या हाताने खोल पुरल्या. पेटी आपल्या खोलीत ठेवली, झाकण उघडायची कोणाला परवानगी नाही. रोज इंजेक्शनच्या आधी तो कुपी काढायचा. ती दगड झालेली असायची. ते बघून त्याला केवढं समाधान वाटायचं! मग मुठीत धरून ती वितळवायची आणि सुनेच्या हातात द्यायची. "घे. असा ताजा औषध डॉक्टराच्या बापाशीनसुद्धा बघूक नाय."

एकदा किशोरीने कुपी उजेडात धरली. "मामांनू, ह्याच्यात कसलेतरी बारीक कण दिसतत."

"गारठ्यान तसा दिसता. टोच मुकाट्यान!"

आणि तिने टोचलं. का ऐकलं तिने? असं विचारणाऱ्याने एकदा गंगारामसमोर उभं राहून बघावं.

संचिताची साखर चढायला लागली. बोटातला थेंब मशीनवर ठेवला की आकडा आदल्या दिवसापेक्षा वर. पोर घटाघटा पाणी प्यायची, सारखी मोरीकडे धावायची, गळ्याची हाडं दिसायला लागली. किशोरीने दवाखान्यात फोन केला. पलीकडून साहजिकच विचारलं, "खाण्यात काही आलंय का?" आणि नेमकी त्याच आठवड्यात मिठबावहून किशोरीच्या भावाने हापूसची पेटी धाडली होती. घरभर घमघमाट. मागच्या परसात गंगारामला आंब्याचा एक बाठा सापडला, चोखून पांढरा केलेला. शेजारची गुरं, माकडं, वाटेने जाणारी पोरं, कोणीही टाकला असेल. पण छे! गंगारामला चोर सापडला होता.

"संचिता! हयसर ये. आंबो खाल्लंस?"

"नाय आजोबा."

"खोटा बोलू नको!"

"आजोबा, मी खाऊक नाय. देवाशपथ."

त्याने तिला जवळ ओढलं, तोंडाला नाक लावलं आणि त्याचं डोकं फिरलं. पोरीच्या श्वासाला वास येत होता. गोड, पिकल्या फळासारखा. आता आणखी काय पुरावा हवा?

"तोंडाक आंब्याचो वास येता आणि देवाची शपथ घेतंस?" आणि त्याने तिच्या कानशिलात वाजवली. जिच्यावर कधी बोट उचललं नव्हतं, त्या पोरीच्या.

किशोरी मधे पडली, तर तिच्यावरही तोंडसुख घेतलं. "तूच लाडावलंस! थय माझो झील समुद्रात घाम गाळता आणि हय ही आंबे चोरता!" मग पुन्हा पोरीकडे वळला. खाल्लंस की नाय? खाल्लंस की नाय? एकच घोष. ती भिंतीला टेकली होती. उभं राहायची ताकद नव्हती तिच्या अंगात. शेवटी म्हणाली, "होय. खाल्लंय."

तेव्हा कुठे तो थांबला. आंब्याची पेटी उचलून त्याने कारखान्यातल्या एका गड्याला देऊन टाकली आणि विजयी चेहऱ्याने सुनेला म्हणाला, "बघ. ओरडल्याशिवाय खरा भायर येना नाय." किशोरीने दवाखान्यात कळवलं, आंबे खाल्ले होते म्हणून. तिकडून पथ्य कडक पाळायला सांगितलं. आणि कुप्या मिठाच्या बर्फात तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संचिताने सकाळपासून उलट्या काढल्या. पोट दुखतंय म्हणाली. श्वास खोल खोल, धापा टाकल्यासारखा. पेज पुढे केली तर डोळे उघडेनात. किशोरीने तिला उचललं, रिक्षा बोलावली, आणि गंगारामने? त्याने थर्माकोलची पेटी उचलली. औषध ताजं राहायला हवं ना! रिक्षात पोर आईच्या मांडीवर, आणि ह्याच्या मांडीवर पेटी. वाटभर रिक्षावाल्याला शिव्या. "शिरा पडो तुझ्या गाडयेर! जोरात हाण!"

दवाखान्यात आकांक्षा म्हणून तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पोरीचा श्वास ऐकला, वास घेतला आणि लगेच सलाईन लावलं, सुया लावल्या, नर्सला भराभर कामं सांगितली. किशोरीला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली तेव्हा गंगारामने कचेरीतली मराठी काढली.

"डॉक्टर, औषध खोटं आहे. त्या दुकानदाराला मी सोडणार नाही. भेसळ करतात हरामखोर! लहान पोराच्या जिवाशी खेळतात!"

"कुपी दाखवा," ती म्हणाली.

त्याने ऐटीत पेटीचं झाकण उघडलं. डॉक्टरने बर्फात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "यात काय घातलंय?"

"मीठ. साधा बर्फ नाही हा. खास मालाला आम्ही असाच घालतो."

तिने कुपी काढली. आत पांढरा गोळा. तळहातात धरून ती तशीच उभी राहिली. गोळा हळूहळू सुटला आणि आतल्या पाण्यात कण तरंगायला लागले, नासलेल्या दुधात तरंगतात तसे.

"आजोबा, इन्सुलिन हे प्रोटीन आहे," ती म्हणाली. आवाज खाली होता, पण त्यातला राग लपत नव्हता. "दोन छोट्या साखळ्या, एका ठरावीक घडीत दुमडलेल्या. ती घडी शाबूत असेल तरच ते साखर पेशींत पोचवतं. गोठलं की घडी मोडते आणि साखळ्या एकमेकींना चिकटून गाठी होतात. पुन्हा वितळवून काही उपयोग नाही. साध्या बर्फात कदाचित वाचलं असतं. मिठाने बर्फ शून्याच्या किती खाली जातो, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तुम्ही तिला इन्सुलिन देतच नव्हता. पाणी टोचत होता, पाणी!"

"पण उन्हाने खराब—"

"उन्हाने हळूहळू खराब होतं. जिथे वीज नाही अशा गरम मुलखांत मातीच्या भांड्यात इन्सुलिन ठेवून तपासण्या झाल्यात अलीकडे. काही आठवडे चांगलं टिकतं. गोठलं की मात्र तिथल्या तिथे संपलं. मडकं नव्हतं घरात?"

किशोरी उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यासमोर ओरडली. "होता! मडक्या होता घरात! मी सांगत होतंय! कण दिसतत म्हणान सांगलंय, तर म्हणालात टोच मुकाट्यान!"

बुडत्याने काडी धरावी तसं गंगारामने एकच धरलं. "पण तिने आंबे खाल्ले होते. तिनाच कबूल केल्यान. तोंडाला वास—"

"तो आंब्याचा वास नव्हे!" आता डॉक्टरचाही तोल गेला. "इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळतं आणि श्वासाला असा गोड वास येतो. ती धोक्याची खूण आहे. त्याच वेळी आणली असती, तर पोर या अवस्थेला गेली नसती. आंबा कबूल केला म्हणता? कसा कबूल केला?"

किशोरी गंगारामच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

तो पेटी घेऊन बाहेर गेला आणि सगळा बर्फ गटारात ओतला. पेटीवर लाथ घातली. थर्माकोलचे तुकडे तुडवले. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण द्यायच्या कोणाला? दुकानदाराने काही केलं नव्हतं. नर्सबाईने काही केलं नव्हतं. विजेला शिव्या देऊन झाल्या होत्या. जन्मभर हा माणूस कोणावर ना कोणावर चिडत आला, आणि आता पुढ्यात उभा राहील असा एकही माणूस नाही! त्या सबंध रात्रीत तो पायरीवरून उठला नाही. आत जायची हिंमत नव्हती. गंगारामला हिंमत होईना, हे बंदरावर कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स बाहेर येऊन म्हणाली, पोर शुद्धीवर आहे, धोका टळला. तो आत गेला. संचिता उशीला टेकून पडली होती, हाताला सलाईन, ओठ सुकलेले, उशाशी किशोरी बसलेली. त्याला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाय," तो म्हणाला.

"मी आंबो खाऊक नाय होतंय," ती भिंतीला म्हणाली.

"माका ठावक आसा गो."

ती गर्रकन वळली. "आता ठावक आसा! आता! तेव्हा मी सांगत होतंय, देवाची शपथ घेतलंय, तर तुमी माका मारलात! खोटा बोलूक लावलात माका! माका मरूक झाला होता आणि तुमी आंबे मोजत होतात!" तिचा आवाज चढत गेला. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. घसा फाटेल अशी ती ओरडत होती, आणि ती ओरडण्याची तऱ्हा कोणाकडून आली हे विचारायची गरज नव्हती. नर्स धावत आली, "अगं बाळा, शांत हो, शांत हो."

गंगारामने नर्सला हाताने अडवलं. "नको सिस्टर. ओरडू दे तिका." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलंही नाही. "ओरड बाय. आणखी ओरड. काल तुझ्या तोंडातून शब्द येत नव्हतो."

ती ओरडली. मनात होतं नव्हतं ते सगळं तिने त्याच्या अंगावर फेकलं, आणि तो खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा राहिला. शेवटी तिला धाप लागली आणि तिने पाणी मागितलं. गंगारामने पटकन पेला भरून पुढे केला. संचिताने त्या पेल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. आणि पाणी तिने आईच्या हातून घेतलं.