त्रेचाळीस तोळ्यांचा काटा

मी अमेरिकेला निघालो तेव्हा अण्णांनी माझी बॅग तोळ्यांत मोजली.

हसू नका. कऱ्हाडात आमचं सोन्या-चांदीचं दुकान, चार पिढ्यांचं. माझे वडील, म्हणजे अण्णा, असे सोनार की पंगतीत जिलबी वाढली तरी आधी तळहातावर तोलून बघायचे आणि मगच तोंडात घालायचे. विमानाला बत्तीस किलोची मर्यादा आहे हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस दुकानातला मोठा काटा अडवला आणि एकेक जिन्नस त्यावर घातला. मेतकूट, गोडा मसाला, कुकर, कुकरची शिट्टी वेगळी. गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत होती. माझ्या बनियनांपायी एका नवरीचं मंगळसूत्र रखडलं आणि मुहूर्त टळला असं मी इथे सगळ्यांना सांगतो. मुहूर्त टळला नव्हता, पण नवरदेव चिडला होता हे खरं.

शेवटी बेरीज झाली, बॅग भरली आणि शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या वजनकाट्यावर चढवली. अण्णांनी आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून चेन उघडली, वरचीच आईच्या चिवड्याची पिशवी काढून बाजूला ठेवली आणि चेन लावली.

"आता बरोबर," ते म्हणाले.

"अहो, चिवडा!" आई म्हणाली. अण्णा ऐकायला थांबलेच नाहीत.

मी मात्र घामाने निथळत होतो. कारण बॅगेच्या तळाशी, मोज्यांच्या गुंडाळ्यांखाली, एक सागवानी पेटी होती. तिच्यात आजोबांचा हातात धरायचा छोटा काटा, त्याची वजनं आणि सोनं तोलायच्या मूठभर गुंजा. आदल्या दुपारी अण्णा जेवायला गेले असताना मी ती दुकानातून ढापली होती. का, ते विचारू नका. बारा वर्षांचा असल्यापासून त्या काट्यावर हात बसवला होता. कॉम्प्युटरच्या नोकरीत त्याचा उपयोग शून्य. पण टाकवेना.

एसटी स्टँडवर सगळे रडले. अण्णा रडले नाहीत. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, जसा मोडीत, म्हणजे वितळवायला आलेला दागिना बघतात तसे, आणि म्हणाले, "हात वाया गेले तुझे. बटणं दाबायला एवढे हात कशाला?"

दोन हजार एक साल होतं ते. पुढची सहा वर्षं हे वाक्य माझ्याबरोबर व्हर्जिनियात राहिलं, भाडं न देता.

आमच्या हर्नडन गावाचं वर्णन काय करू? ऑफिस, टाउनहाऊस, ग्रोसरी, परत ऑफिस. वीकेंडला पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायची पंगत. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे सगळे एकाच बेसमेंटमध्ये बसून एकमेकांच्या भाषेला नावं ठेवायचे. कोणी टेनिस खेळायचा, कोणी कॅम्पिंग करायचा. मी दर रविवारी फोन कार्डाचा नंबर खरवडून कऱ्हाडला फोन करायचो आणि थापा मारायचो. इथला बर्फ आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो असं मी आईला सांगितलं होतं. अण्णा फोनवर यायचे, "ठीक आहे ना?" एवढंच विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे. काट्याबद्दल एक अक्षर नाही. दुकानात शोधाशोध झाली असणार, नोकराला बोलणी बसली असणार, या विचाराने माझा घास अडकायचा. म्हणजे एखाददुसरा घास. वजन माझं वाढतच होतं.

मग भेटला वॉल्टर. शेजारचा म्हातारा, शाळेच्या बसेस दुरुस्त करून निवृत्त झालेला. बोटं अशी, की एकेका बोटाला वेगळी मनगटी घालावी. रिव्हॉल्व्हरने निशाणबाजी करायचा, थंडीच्या तोंडाला डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचा, आणि त्यासाठीची काडतुसं घरीच भरायचा. एकदा मी त्याच्या गॅरेजमध्ये डोकावलो आणि तिथेच खिळलो. उडवून झालेल्या काडतुसाचं पितळी कवच उरतं. ते साफ करायचं, आकारात आणायचं, बुडाशी नवी ठिणगीची टोपी बसवायची, आत मोजून पावडर, वर गोळी, आणि प्रेसचा दांडा खाली. पावडर मोजायची ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त! आणि वॉल्टर त्या बोटांनी ती चिमूट काट्यावर टाकत होता. मला बघवेना. मी घरी गेलो आणि सागवानी पेटी घेऊन आलो.

अंगठा आणि तर्जनी नुसती एकमेकांवर घासून मी एकेक कण पारड्यात सोडला. वॉल्टरने त्याच्या काट्यावर ताडून बघितलं. पुन्हा बघितलं. मग चष्मा काढून म्हणाला, "यू गॉट जूलर्स हँड्स, सन. कुठून आणलेस हे हात?"

कुठून आणले ते मी सांगितलं. ढापलेल्या पेटीबद्दलही सांगितलं. सहा हजार मैलांवर कबुली द्यायला काय जातं? मैल आठ हजार आहेत, पण तेव्हा घाबरून कमी सांगितले.

व्हिसावर होतो तोवर मी फक्त वजन करून दाखवायचो, बाकी कशाला हात नाही. ग्रीन कार्ड आल्यावर रीतसर रिव्हॉल्व्हर घेतलं, बेसमेंटमध्ये स्वतःचं टेबल मांडलं. माझी काडतुसं एकमेकांची जुळी भावंडं. आमच्या नेमबाजीच्या क्लबात म्हणायचे, याची पहिली गोळी कागदाला भोक पाडते आणि उरलेल्या पाच त्याच भोकातून दार न वाजवता जातात. म्हणायचे म्हणजे, मीच म्हणायचो. हरणांचं विचाराल तर पहिल्या वर्षी एक समोर आलं, त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि चरायला लागलं. दुसऱ्या वर्षी जमलं. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून असा रस्सा केला की वॉल्टरने वाटीला तोंड लावून तो प्यायला.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. मी टेबलावर चादर टाकली आणि सांगितलं, सुनीताचं शिलाई मशीन आहे. सुनीताला आयुष्यात बटण लावता आलेलं नाही. ही थाप चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी ऑफिसातून आलो तर चादर घडी करून ठेवलेली, अण्णा टेबलाशी स्टुलावर, आणि पुढ्यात उघडी पेटी. काटा हातात धरून ते नुसते बघत होते.

माझे पाय मागच्या मागे निघाले होते. पण अण्णा कडाडले ते भलत्याच गोष्टीवर.

"पितळ? सोनाराचं पोर पितळेत हात घालतं?"

"अण्णा, ते कवच..."

"चार पिढ्यांत कोणी पितळ उंबऱ्याच्या आत घेतलं नाही!"

"काट्याची पारडी पितळेचीच आहेत की," मी हळूच म्हणालो.

"ते पारडं आहे. पारड्यात काय ठेवतो ते बघायचं असतं." आणि जरा थांबून, "काय ठेवतोस?"

मी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून स्टूल अण्णांचं झालं. वॉल्टर रोज यायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही अखंड बोलायचे. वॉल्टरचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा अण्णांनी गुंजा टाकून तपासला आणि "खोटा आहे" असा निकाल दिला. वॉल्टरने तो निमूटपणे उचलून ट्रकमध्ये टाकला. मी जिन्यावर बसून हे बघायचो आणि मला वाटायचं, बस, आता काही नको.

आता माझी चूक सांगतो. टेबलावर दोन डबे होते. मोठ्यात निशाणबाजीच्या हलक्या काडतुसांची पावडर, लहानात शिकारीच्या जड काडतुसांची. दिसायला दोन्ही सारख्या, मोहरीच्या भुग्यासारख्या. त्या कधीही एकत्र करायच्या नसतात. मिसळलेली पावडर केवढ्या जोराने पेटेल ते कोणीच सांगू शकत नाही, रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. सांडलेले कण म्हणूनच मी झाडून अंगणातल्या गवतावर टाकायचो. अण्णांनी ते बघितलं. "केर बाहेर टाकतोस?" एवढंच म्हणाले. सोनाराच्या दुकानातला केर म्हणजे सोनं, तो धुऊन कण काढणारी माणसं वेगळी असतात. तेव्हाच मी बसून समजावायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी अण्णा माझ्या टेबलाशी बसले होते, आणि मी त्यांना शिकवायचं? मी हसलो आणि विषय बदलला.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला अभिमानाने कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी दाखवली. "आठवडाभराचा केर. कुंच्याने कण न् कण गोळा केला. सोमवारी मोठ्या डब्यात परत टाकला. तू टाकून देत होतास."

कोणता केर कोणत्या पावडरचा, हे विचारण्यात अर्थच नव्हता. सोमवारपासून आम्ही दीडशे काडतुसं भरली होती. त्यातली पन्नास वॉल्टर शनिवारच्या नेमबाजीसाठी घेऊन गेला होता.

मी चपला न घालता धावलो. नोव्हेंबरचं गवत, बर्फासारखं गार. वॉल्टरने ऐकून घेतलं, खोका उचलून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुझ्या डॅडना सांगितलंस?"

"नाही. तुम्हीच सांगा ना. म्हणावं, पावडरच खराब निघाली."

"मला मराठी येत नाही," वॉल्टर म्हणाला आणि दार लावून घेतलं.

थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, आणि त्या वीस पावलांत मी सात थापा तयार केल्या. पण थाप मारली असती तर अण्णांनी पुढच्या सोमवारी पुन्हा केर गोळा केला असता. मी खाली जाऊन खरं ते सांगितलं. ज्या माणसाचं साठ वर्षांत गुंजभर चुकलं नाही, त्याला सांगितलं की तुमचं चुकलं, आणि एखाद्याचा हात गेला असता.

अण्णा स्टुलावरून उठले. जेवले नाहीत. वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. आई म्हणाली, "काय बोललास रे त्यांना?"

सकाळी ठकठक ऐकून जाग आली. डोळे मिटलेलेच होते, आणि खरं सांगतो, एक क्षणभर मी कऱ्हाडात होतो. दुकान उघडलंय, ऐरणीवर हातोडी पडतेय, आता आई चहाला हाक मारेल. मग कळलं, आवाज बेसमेंटमधून येतोय.

अण्णा स्टुलावर होते. काडतूस मोडायला एक हातोडी असते. पोकळ डोक्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटून येते. ती मी कशी वापरतो ते त्यांनी एकदाच बघितलं होतं. तीसेक काडतुसं मोडून झाली होती. गोळ्या एकीकडे, कवचं एकीकडे, पावडर एका वाडग्यात.

"साठ वर्षांत एका गिऱ्हाइकाची मोड दुसऱ्याच्या मोडीत गेली नाही माझ्या हातून," ते वर न बघता म्हणाले. "इथे दोन गिऱ्हाइकं होती. तू मला सांगितलं नाहीस."

"चुकलं, अण्णा."

"माझंही चुकलं. बस. ते वाडगं आणि तो मोठा डबा तुझ्या त्या गवतावर रिकामा करून ये आणि बस."

मी ऑफिस कॅन्सल केलं. दिवसभर आम्ही दोघांनी दीडशेच्या दीडशे मोडली आणि नव्या सीलबंद डब्यातून पन्नास पुन्हा भरली. त्यांनी ठोकायचं, मी वजन करायचं. मध्येच ते माझ्या हाताकडे बघून खेकसले, "कोपर टेकव! शिकवलेलं तेवढंही विसरलास?" एवढं गोड मला आजवर कोणी बोललेलं नाही, लग्नात सुनीतासुद्धा.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर अण्णा कानटोपीवर कानाचं संरक्षण चढवून बसले. वॉल्टरने सहा गोळ्या झाडल्या. कागद आणल्यावर अण्णांनी खिशातून सोनाराचं भिंग काढून सहाही भोकं तपासली. रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. पॉटलकमध्ये मी पंचवीस पैशाचं नाणं सांगतो.

"एक डावीकडे सरकलंय," अण्णा म्हणाले. मी भाषांतर केलं.

"ते मी," वॉल्टर म्हणाला. "काडतूस नव्हे."

एप्रिलमध्ये परतीची बॅग भरली, अर्थात अण्णांनी एकेक जिन्नस मोजून. आता मर्यादा बत्तीसची तेवीस झालेली. अण्णा अंघोळीला गेले तेव्हा मी सागवानी पेटी त्यांच्या धोतरांच्या घड्यांत सारली. सात वर्षांनी का होईना, चोरी परत. मग बॅग वजनकाट्यावर ठेवली. अण्णांनी आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. खाली बसून चेन उघडली आणि सरळ धोतरांत हात घालून पेटी काढली.

"त्रेचाळीस तोळे," ते म्हणाले. "तेव्हाही तेवढीच जास्त भरली होती बॅग. चिवडाही बरोबर त्रेचाळीस होता, म्हणून तो काढला."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर परत ठेवावी लागली असती."

"आणि हात वाया गेले म्हणालात ते?"

"म्हणालो. पण काटा जाऊ दिला ना बरोबर?"

मागे आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे सात वर्षं मी समजतेय, ह्यांना माझा चिवडा आवडत नाही!"

पेटी इथेच राहिली. आता कऱ्हाडहून कोणीही निघालं की चिवडा येतो. अण्णा स्वतः वजन करून देतात आणि मी बेसमेंटमध्ये टेबल आधी लख्ख पुसून, त्या छोट्या काट्यावर थोडा थोडा घालून मोजतो. कधी बेचाळीसच भरतो, कारण वाटेत कोणीतरी खातं.

परवा फोनवर आई सांगत होती, दुकानातल्या फळीवर त्या पेटीची जागा अण्णांनी अजून रिकामीच ठेवलीय. तिथे दुसरं काही ठेवू देत नाहीत. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती जागा पुसतात.

हे मात्र मी वाढवून सांगत नाही.