अहो, पुढे डावं वळण

ड्रायव्हरसाहेबांनी सारी हयात लांब पल्ल्याची बस चालवली, पण बायकोला शेजारी बसून कधी तोंड उघडू दिलं नाही. "मागे बस, आणि गप्प बस," हा त्यांचा कायदा. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि कायदा करणाऱ्यालाच गप्प बसायची वेळ आली. खुर्ची भिंतीकडे वळवून ते दिवसचे दिवस बसून राहायचे. भिंत काय नि खिडकी काय, त्यांना सारखीच होती.

बाई एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर. फोनवर आवाज असा गोड, की खोली मिळाली नाही तरी माणूस आभार मानून फोन ठेवायचा. घरी येताना तो गोडवा बहुधा हॉटेलातच राहायचा. पण संध्याकाळच्या पाळीला निघताना दारात त्या घुटमळायच्या. आपण आठ तास जगाशी बोलणार आणि हा माणूस एकटा भिंतीशी, हे त्यांना सोसत नव्हतं.

तोडगा काढला लेकीनं. ती कॉम्प्युटरच्या कामात मुरलेली. तिनं आपलं जुनं गेमचं मशीन आणून टीव्हीला जोडलं, बापाच्या पुढ्यात खेळातलं स्टिअरिंग ठेवलं आणि डोंगरातल्या शर्यतीचा एक गेम लावला. त्यात शेजारच्या सीटवर एक वाटाड्या बसतो आणि पुढची वळणं आधीच ओरडून सांगतो. हा वाटाड्या इंग्रजीत असा तडतडायचा की साहेबांना ओ की ठो कळेना. लेकीनं त्याला सरळ गाडीतून उतरवलं आणि आईला बसवलं. सगळी वळणं, सगळी बटणं, सगळ्या सूचना बाईंनी अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केल्या. गोधडी आवाज घुमू नये म्हणून होती, पण आत घाम फुटल्यामुळे काही वळणं जरा वैतागलेली आली आहेत. "अहो, पुढे डावं वळण. अहो, हळू." कुठल्याही शर्यतीत वाटाड्यानं ड्रायव्हरला 'अहो' म्हटलेलं कुणी ऐकलं नसेल.

गाडी दर फेरीला एकदा तरी दरीत जायची. तरी साहेब रोज दाढी करू लागले. गाडी चालवायची तर माणूस नीटनेटका हवा, म्हणाले.

मेख एकच होती. मशीन बनवणारी कंपनी वरचेवर नवी सिस्टिम पाठवायची आणि ती न विचारता आपोआप चढायची. नव्या सिस्टिमला असले घरगुती आवाज चालत नव्हते. ती एकदा चढली की बाई कायमच्या गाडीबाहेर. बरं, नेट तोडूनच टाकावं तर गेम ऑनलाइन विकत घेतलेला. मालक तुम्हीच ना, हे तो मधूनमधून नेटवर तपासायचा. म्हणून लेकीनं फोनवरून आईला एकेक पायरी सांगितली: सेटिंगमध्ये जा, नेटवर्क उघड, 'आपोआप' सोडून 'हाताने' निवड, आणि पत्ते विचारायच्या जागी हा दुसरा नंबर टाक. मशीन कंपनीचा पत्ता विचारेल तेव्हा हा नंबर म्हणेल, असं कुणी नाही. बाकी सगळे पत्ते नीट देईल.

बाईंना हे लगेच पटलं. "म्हणजे 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. जन्मभर दुसरं काय केलं मी?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मशीन सुरू झालं की आधी कंपनीला शोधायला जायचं आणि हात हलवत परत यायचं. त्या अपयशाच्या सूचनेलाही बाईंनी खास हॉटेलातला आवाज दिला होता: "आपण मागितलेला नंबर अस्तित्वात नाही. चला ड्रायव्हरसाहेब, उशीर होतोय." हे ऐकल्याशिवाय साहेब गाडी सोडत नसत.

एकदा जावई कामासाठी गावात आला आणि मुक्कामाला घरी उतरला. भला माणूस, पण कुठे काही अडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. साहेब आत चहा टाकत होते तेवढ्यात त्यानं मशीन सुरू केलं, नेट लागत नाही असं टीव्हीवर वाचलं, आणि सासऱ्यांची सोय म्हणून स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडून दिलं. त्या नेटवर लेकीनं दिलेला नंबर नव्हता. मग कुणाचा तरी फोन आला म्हणून बोलत बोलत गॅलरीत गेला.

साहेब येऊन बसले. बाईंचं वाक्य येईना. बटण दाबलं, स्टिअरिंग फिरवलं. मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. नवी सिस्टिम उतरतेय, हे त्या घरघरीवरून त्यांना उमगलं. त्यांनी चाचपडत फोन घेऊन हॉटेलचा नंबर लावला.

"नमस्कार, बोला."

"अगं, तू बोलत नाहीयेस."

"बोलतेय की."

"तू नाही. मशीनमधली."

बाईंचा गोडवा क्षणात गेला. "वायर ओढू नका, मशीन जायचं. घरात कोण आहे?"

"जावई. गॅलरीत, फोनवर."

"त्याच्याच फोनचं नेट असणार. दूध आणायला पाठवा त्याला."

"दूध आहे घरात."

"असू दे. जावयाला बोल लावायचा नाही. फोन घराबाहेर गेला की नेटही जाईल."

जावयाचं बोलणं संपलं तशी साहेबांनी हाक मारली. तो एका पायावर तयार झाला, चपला घातल्या आणि फोन टेबलावर ठेवून निघाला.

"फोन असू द्या बरोबर," साहेब घाईनं म्हणाले. "जिन्यात अंधार असतो."

आयुष्यभर स्वतःच्या चाकांचा आवाज ऐकलेला हा माणूस आता दुसऱ्याच्या चपलांचा ऐकत होता. पहिला मजला उतरला. तळमजला आला. फाटक वाजलं. पंखा घरघरतच होता, आणि आपण हिला कधीच बोलू दिलं नाही हे साहेबांना आत्ताच का आठवावं, कोण जाणे.

"आपण मागितलेला नंबर अस्तित्वात नाही. चला ड्रायव्हरसाहेब, उशीर होतोय."

ते वाक्य फोनवर बाईंनीही ऐकलं. मग बाई म्हणाल्या, "आता सेटिंगमध्ये जा आणि घरचं नेट निवडा. तिथेही मीच सांगेन." मशीनमधली बाई सांगत गेली, साहेब निवडत गेले. मोबाइलचं नेट पुसलं, घरचं लागलं.

"झालं? ठेवते आता. बोर्डावर दुसरा फोन वाजतोय."

"थांब," साहेब म्हणाले. "एक वळण तरी ऐक. माझ्या शेजारी बसून."

पहिल्या घंटीला फोन उचलण्याबद्दल बाईंचं हॉटेलात नाव होतं. त्या दिवशी त्यांनी तो वाजू दिला.