रंगाचे तीन हात

शटर करकरत वर गेलं आणि दिव्याच्या झोतात ती दिसली. गोल डोळ्यांची, गुबगुबीत गालांची, लालचुटुक म्हातारी मोटार. नायिकेचा प्रवेश असाच हवा! तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते, ते आमच्या शेजारच्या ठिणगीभाऊंचे. भाऊंनी जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलं. निवृत्त झाल्यावर ही स्वतःची आणली, सुटी करून पुन्हा जोडली आणि स्वतःच्या हातांनी रंगवली.

आणि बाईसाहेबांनी ताळतंत्र सोडलं! ब्रेक दाबला की बाजूचे दिवे लुकलुकायचे, डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचायचा.

वहिनी विटल्या. भंगारवाला टेम्पो घेऊन दारात हजर.

"अहो, जेवणाच्या आत दिवे शहाण्यासारखे लागले तर ठेवा. नाहीतर हा घेऊन जाईल."

"ताई, तुमचा नाटकातला आवाज द्या जरा उसना," भाऊ मला म्हणाले. मी गाडीमागे उभी राहिले, वहिनी ब्रेकवर.

"दाबला!"

"सगळेच लागले!" मी गर्जले. "नुसती रोषणाई!"

भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"तार तुटली असती तर काहीच लागलं नसतं," भाऊ पुटपुटले. "वीज दिव्यात जातेय, पण परतीची वाट मिळत नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या घरात घुसतेय."

त्यांनी एका मोकळ्या तारेचं एक टोक मागच्या दिव्याच्या बुडाला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. "दाब!" फक्त ब्रेकचे दिवे. तार काढली, रोषणाई. लावली, शहाणपण!

भाऊंनी दिव्याचा स्क्रू काढला आणि कपाळाला हात लावला. वीज परतायची ती गाडीच्या पत्र्यातूनच. परतीची तार पत्र्यावर घट्ट बसवलेली, पण मध्ये रंग! तीन हात, आरशासारखा. तार पत्र्याला टेकतच नव्हती.

"रंग कुणी दिला हो?" वहिनींनी लाडात विचारलं.

"दिला एका हौशी गाढवाने."

पॉलिश पेपरने नाण्याएवढा रंग खरवडताना भाऊंचा चेहरा असा, जणू स्वतःच्याच मिशा उपटताहेत. स्क्रू आवळला. वहिनींनी ब्रेक दाबला, इंडिकेटर लावला. सगळं जागच्या जागी! पेट्रोलचा काटाही स्थिरावला, अगदी शून्यावर. रिकामा डबा घेऊन पेट्रोल आणायला भंगारवालाच पळाला.

वहिनी मात्र पदर सावरून शेजारच्या सीटवर केव्हाच सरकल्या होत्या. म्हणाल्या, "चला, फिरवून आणा."

भाऊ ओरडले, "अगं, दार हळू लाव! तिथल्या दिव्याची तार मी अजून बघितलेली नाही!"