एक खंडी अठरा कुडो

आमगावच्या कॉम्प्युटर क्लासात एक्सेल शिकले आणि मी घरात फारच शहाणी झाले. दोन हजार चार-पाचची गोष्ट. कामठ्याला, आमच्या गावी, परतल्यावर कोणी विचारो न विचारो, मी फॉर्म्युले सांगत बसायची.

सर म्हणाले, घरचाच काही डेटा आणा. बाबांकडे धानाची वही होती. कोणत्या बांधीत किती धान झालं ते खंडी-कुडोत लिहिलेलं. कुडो म्हणजे धान मोजायचं माप, वीस कुडोंची एक खंडी. आंब्याखालच्या बांधीत आईनं माहेराहून आणलेलं बियाणं असायचं, शेजारच्या तेवढ्याच बांधीत दुकानातलं.

एक खंडी अठरा कुडो मी १.१८ असे भरले. शेजारच्या बांधीचे एक खंडी पाच कुडो, १.५. सगळी वर्षं अशीच भरली. आलेखात आंब्याखालची बांधी खाली गेली. बाबांनी आलेखाची प्रिंट भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवली आणि आल्यागेल्याला दाखवू लागले, "पोरीनं कॉम्प्युटरवर काढलं." पुढच्या पावसाळ्यात आंब्याखालीही दुकानातलंच बियाणं पडलं. आई काही बोलली नाही, आणि मला तिला विचारायचं सुचलंही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरला नोकरी लागली, तिथे पायथन शिकायला घेतलं. सरावाला तीच जुनी फाइल उघडली. या वेळी खंडी आणि कुडो वेगळे केले, कुडोंना वीसने भागलं. एक खंडी अठरा कुडो म्हणजे १.९ आणि एक खंडी पाच म्हणजे १.२५. आईची बांधी वर होती, दरवर्षी. मला रडूच आलं. धानाचं बियाणं चार-पाच वर्षं पेरलं नाही की मग उगवत नाही, एवढं शेतकऱ्याच्या पोरीला कळतं.

शनिवारी घरी गेले. आई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "खळ्यावर कुडो मीच भरत होती ना."

"मग बोलली काऊन नाही?"

"तुहे बाबा गावभर सांगून राहिले होते. कायले बोलू?"

मी विचारलं, "बियाणं?"

"बिरसीले, तुह्या मावशीकडं देऊन ठेवलं. दरवर्षी लावते ते."

मी सूप बाजूला सारून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकी मोठी झाले होते तरी.

त्या वर्षी आंब्याखाली पुन्हा आईचं धान लागलं. खळ्यावर तिनं कुडो माझ्या हातात दिला. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता रीतीप्रमाणे 'लाभ' म्हणून मी मोजत गेले. एक खंडी सतरा कुडो भरले. बाबांनी वहीत लिहिलं. मी लॅपटॉपवर भरलं, दोन वेगळ्या कॉलमांत.

मग घरात जाऊन भिंतीवरचा तो पिवळा पडलेला कागद काढायला हात घातला. आई मागोमाग आली होती. तिनं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच त चूप राहिली होती मी."