नुसता दंड

हे मी कुणापुढे बोललेले नाही, नवऱ्यापुढेही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

मी चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. रस्ता सुरक्षा सप्ताह मीच घेते, मुलांकडून घोषणा मीच पाठ करून घेते — आणि हायवेवर वेगाच्या कॅमेऱ्यात माझीच गाडी सापडली. नोटीस आली: चालक कोण होता ते कळवा. गाडीत मी एकटी होते.

तेव्हाच माझं मुख्याध्यापिका व्हायचं घाटत होतं. शाळेत कळलं तर? — डोक्यात एवढंच.

मिलिंद माझा धाकटा भाऊ, टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर. मस्कतला ड्रायव्हरची नोकरी जमत आली होती. फक्त एजंटाला लायसन्स दाखवायचं बाकी होतं. मी रडवेली झालेली बघून तोच म्हणाला, "ताई, माझं नाव घाल. नुसता दंडच ना?"

आदल्याच दिवशी मी वाहतूक शाखेत जाऊन आले होते. खिडकीतल्या हवालदाराने नीट समजावलं होतं — दंड तर आहेच, शिवाय जो चालक असेल त्याचं लायसन्स निलंबित होणार, तीन महिने. मी ऐकलं नव्हतं का? चांगलं ऐकलं होतं.

"हो रे," मी म्हटलं, "नुसता दंड."

त्याने कागद न वाचता सही केली. ताईने वाचलाय ना — मग झालं.

लायसन्स जमा झालं. मस्कतवाले तीन महिने कशाला थांबतील? त्याच्या जागी दाभोळचा दुसरा कुणी गेला. आई त्याच्यावरच कडाडली, "एवढ्या जोरात गाडी कशाला हाकलीस, मेल्या?" तो खाली मान घालून जेवत राहिला. मी त्याच्या पानात आमटी वाढत होते. तेव्हा तरी बोलायचं!

मुख्याध्यापिका झाले. सत्कारात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. मी हात जोडले.

मिलिंदचं परदेशाचं पुन्हा जमलं नाही. आता आंब्याच्या कारखान्यात टेम्पो चालवतो. मध्यंतरी घरी आला, तेव्हा चहा पिताना त्याने तो विषय काढला. कळलं की काय याला?

"तू अजून मनाला लावून घेतेस, ताई," तो म्हणाला. "सोड ना. लायसन्स जाईल हे तुला तरी कुठे माहीत होतं?"

"नव्हतं रे," मी म्हटलं.

आणि त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.